सही करायच्या आधी वाचून दाखवा : ॲट्रॉसिटीच्या केसमधला माझा अनुभव

गावाचं नाव लिहीत नाही कारण केस अजून चालू आहे, मराठवाड्यातलं आहे एवढं सांगतो. आम्ही मातंग समाजाचे, आणि केस ॲट्रॉसिटीची, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची. हे सगळं लिहितोय कारण आमच्यावर वेळ आली तेव्हा नेमकं काय करायचं हे सांगणारं जवळ कोणी नव्हतं, आणि जे कळलं ते एकेक ठेच लागून कळलं.

आमची आजी ऑगस्ट २०२२ मध्ये गेली. पहाटे चारला अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, फोन आला, मी चाकणला कंपनीत नाईट शिफ्टला होतो, तसाच निघालो आणि दुपारी गावात पोचलो. पाऊस तीन दिवस उघडला नव्हता. आमच्या वस्तीची स्मशानाची जागा ओढ्याच्या पलीकडे, तिथे ना शेड ना रस्ता, आणि ओढ्याला कमरेएवढं पाणी. गावाची स्मशानभूमी मात्र अलीकडच्या अंगाला, वर पत्रे, खाली सिमेंटचा कट्टा, लोखंडी जाळी, सगळं ग्रामपंचायतीचं, म्हणजे आमची घरपट्टी पण त्यात आहे. चुलते नाना म्हणाले आईला पाण्यातून न्यायची नाही, शेडमध्येच न्यायची. नेली.

लाकडं रचत होतो तेवढ्यात गावातले सात-आठ जण आले. तिघं पुढे होते. तुमची जागा तिकडं आहे, इथं विटाळ करू नका म्हणाले, रचलेली लाकडं ओढून खाली टाकली. आई मधे गेली तर तिला जातीवरून जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. फिर्यादीत मात्र ते अक्षरशः लिहावं लागतं, त्याबद्दल पुढे सांगतोच. ११२ ला फोन केला, गाडी आली, आलेले पोलीस म्हणाले आज मयतीच्या दिवशी वाद नको, तुमच्या जागेवर उरकून घ्या. तोवर अडीच तास आजी तिरडीवर पावसात होती. शेवटी ओढ्याच्या अलीकडेच, रस्त्याच्या कडेला, चार जणांनी ताडपत्री धरून, टायर आणि डिझेल टाकून अंधारात अग्नी दिला. हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

त्याच रात्री आम्ही ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार म्हणाले एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो, साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या. दुसऱ्या दिवशी गेलो तर आधी गावात येऊन चौकशी करतो, तथ्य वाटलं तर गुन्हा दाखल करू. तिसरं म्हणजे वडिलांचा जातीचा दाखला आणा. अण्णांनी आयुष्यात दाखला काढलेला नाही, ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला कशाला लागतो तो. माझा कॉलेजच्या वेळचा दाखला होता, तो मोबाईलवर दाखवला तर झेरॉक्स आणा, मग ओरिजनल आणा, असं चाललं.

तिथून तालुक्याच्या एका वकील ताईंचा नंबर मिळाला. त्यांनी फोनवर दहा मिनिटांत जे सांगितलं त्यानेच सगळं हललं. एक म्हणजे गुन्हा दाखल करायला आधी चौकशीची गरज नाही, तसं कायद्यातच कलम १८अ मध्ये लिहिलंय. हे कलम कसं आलं ते मला अर्धवट माहीत होतं. २० मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाने, महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये, आधी प्राथमिक चौकशी करता येईल आणि अटकेआधी परवानगी लागेल असं सांगितलं होतं, त्यावर २ एप्रिलला भारत बंद झाला, मग संसदेने त्याच वर्षी १८अ घातलं आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. २० मार्च म्हणजे चवदार तळ्याची तारीख, १९२७ ची. त्या दिवशी बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला आणि बरोबर ९१ वर्षांनी त्याच तारखेला तो निकाल आला, हे मला तेव्हाही लागलं होतं. आणि बघा, २०२२ मध्ये ठाण्यात आम्हाला तीच जुनी चौकशीची भाषा ऐकायला मिळत होती.

दुसरं ताई म्हणाल्या की दाखल्यासाठी फिर्याद अडवता येत नाही, तो तपासात नंतर देता येतो. तिसरं, ठाण्यात घेत नसतील तर लेखी तक्रार एसपी ऑफिसला रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने पाठवा, आणि ठाण्यात एक प्रत देऊन पोच घ्या, शिक्का आणि सहीसकट. आणि चौथं, जे मी कधी विसरणार नाही, अण्णांना सही करायच्या आधी वाचून दाखवायला सांगा. कलम ४ मध्ये पोलिसांची कर्तव्यं लिहिलीत, तोंडी सांगितलेली माहिती लिहून घेतली की सही घेण्याआधी ती वाचून दाखवायची, गुन्हा नोंदवायचा, प्रत फुकट आणि लगेच द्यायची. जाणूनबुजून टाळलं तर त्या अधिकाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे.

ईमेल गेला त्याच्या दुसऱ्या रात्री ठाण्यातून बोलावणं आलं. रात्री दीड वाजता फिर्याद टाईप झाली. अण्णा दोन दिवसांचे जागे, पेन हातात घेतलेला, मी म्हटलं साहेब आधी वाचून दाखवा. जरा कुरकुर झाली, पण वाचलं. आणि त्यात काय होतं तर "अंत्यविधीच्या जागेवरून दोन गटांत बाचाबाची होऊन जातीवाचक शिवीगाळ केली". बस. विटाळ हा शब्द नाही, लाकडं फेकली ते नाही, कोण काय बोललं ते नाही. अण्णांनी पेन खाली ठेवला. अण्णा पोलिसासमोर कधी मान वर करून बोललेले मी पाहिले नव्हते, त्या रात्री म्हणाले, "हे माझं न्हाई, मी सांगितलं ते ल्हिवा."

परत लिहायला पहाटेचे चार वाजले. हे मी एवढं सविस्तर सांगतोय कारण केसचा जीव इथे असतो. "जातीवाचक बोलले" एवढ्यावर कोर्टात काही उभं राहत नाही, नेमका शब्द कोणता, कोणत्या माणसाने उच्चारला, कोणाला उद्देशून, कुठे उभा राहून आणि ऐकायला कोण होतं हे सगळं पहिल्या कागदातच लागतं. नंतर पुरवणी जबाबात सांगितलं तर आरोपीचा वकील म्हणतो मागाहून सुचलं. अपमान आणि शिवीगाळीची जी कलमं आहेत, ३(१)(आर) आणि ३(१)(एस), त्यात ती गोष्ट लोकांच्या नजरेसमोर झालेली असावी लागते, घराच्या चार भिंतीत बोललेलं त्यात बसत नाही असं सुप्रीम कोर्टाने सांगितलेलं आहे. आमचं उघड्यावर, रस्त्याला लागून, त्यामुळे तो प्रश्न नव्हता, पण तेही लिहून घ्यावं लागलं. स्मशानभूमी वापरायला अडवणं हे वेगळंच कलम आहे, ३(१)(झेडए), त्यात विहीर, नळ, घाट, रस्ता, मंदिर, सगळं येतं. ते आधीच्या ड्राफ्टमध्ये नव्हतंच. आयपीसीचं, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं, २९७ पण लागलं, अंत्यविधीला जमलेल्या लोकांना त्रास देण्याचं. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचे नाहीत हे लिहिलं. आणि फिर्यादीला उशीर का झाला हेही लिहायला लावलं, तारीखवार, कारण उशीर आमच्यामुळे झालेला नव्हता आणि कोर्टात पहिला प्रश्न तोच येतो.

खैरलांजीचं वाचलेलं डोक्यात होतं. एका दलित कुटुंबातली चार माणसं मारली, शिक्षा पण झाल्या, पण ॲट्रॉसिटी कायदा कोर्टात लागला नाही. चार खून होऊनही जातीचं कारण सिद्ध होत नसेल तर आमची फेकलेली लाकडं कोण धरणार, ही भीती होती.

गुन्हा दाखल झाल्यावर गाव बदललं. तंटामुक्तीचे अध्यक्ष, सरपंच, पोलीस पाटील, दोन पाव्हणे, सगळे आळीपाळीने येऊन गेले, मिटवून घ्या, पोरं आहेत, त्यांच्या नोकऱ्यांचं वाटोळं होईल. पाठोपाठ आमच्यावर उलट तक्रार, की आम्ही बायकांना धक्काबुक्की केली. ताई म्हणाल्या होत्याच की असं होणार, घाबरू नका. खरा त्रास नंतर झाला. आईला खुरपणीला बोलवणं बंद झालं, गिरणीवाला म्हणाला लाईट नाही, आणि आमच्या मागच्या बाईचं दळण दळून दिलं. वस्तीतल्या बारा घरांना दोन महिने कोणी कामाला सांगितलं नाही. सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा पण याच कायद्यात गुन्हा आहे, २०१६ पासून कलम ३(१)(झेडसी), हे आम्हाला माहीतच नव्हतं. कोणत्या तारखेला कोणी काय नाकारलं ते आई सांगायची आणि बहीण वहीत लिहायची, मग त्यावरून पुरवणी जबाब दिला.

तपास डीवायएसपी दर्जाचा अधिकारीच करतो, ते चांगलं झालं, कारण ते बाहेरचे होते. घटनास्थळाचा पंचनामा त्यांनी नीट केला, ओली लाकडं, शेडचं माप, आमच्या जागेवरचं पाणी, सगळ्याचे फोटो. मग साक्षीदार. आमच्या वस्तीतले तर होतेच, पण दुसऱ्या समाजाचा एक तरी पाहिजे म्हणून ताई मागे लागल्या. शेडसमोर ज्यांचं किराणा दुकान आहे त्या काकांनी सगळं पाहिलं होतं. मी दोनदा जाऊन आलो, ते काही बोलले नाहीत. तिसऱ्यांदा नुसता बसून राहिलो तर स्वतःच म्हणाले, "तुझी आजी माझ्या आईच्या बाळंतपणाला होती रे. येतो मी." त्यांचा जबाब पोलिसांपुरता न ठेवता मॅजिस्ट्रेटसमोर तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली नोंदवून घेतला. खर्डा आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या नितीन आगे या दलित पोराच्या खुनाच्या केसमध्ये साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ ला सगळे आरोपी सुटले, ते आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे.

अटकपूर्व जामीन या कायद्यात मिळत नाही, कलम १८, पण अर्ज तर करतातच आणि प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नाही असं म्हणतात. अशा प्रत्येक अर्जाची नोटीस आम्हाला मिळायला हवी आणि आमचं ऐकायला हवं, कलम १५अ. अण्णा कोर्टात उभे राहिले, फिर्यादीतला तोच परिच्छेद ताईंनी वाचला, अर्ज फेटाळला. रात्री चारपर्यंत बसल्याचं चीज झालं असं तेव्हा वाटलं. पुढे अटक झाली, मग रीतसर जामीनही झाला, गावात यायचं नाही या अटीवर, ती अट नंतर शिथिल झाली.

चार्जशीट ६० दिवसांत जायला हवी, आमची ९७ दिवसांनी गेली. पैशाचं पण सांगतो, कारण गावात सगळ्यात जास्त तेच बोललं गेलं, की पैशासाठी केस केली. आमच्या कलमांना एक लाख आहेत, त्यातले २५ टक्के एफआयआरला, ५० टक्के चार्जशीट कोर्टात गेल्यावर आणि उरलेले शिक्षा झाली तर. नियमात सात दिवसांत मदत द्यायची म्हटलंय, आमचे पहिले २५,००० समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्त कार्यालयात पाच चकरा मारल्यावर चार महिन्यांनी अण्णांच्या खात्यावर आले. तेवढ्या वेळात आई-अण्णांची बुडालेली मजुरी त्याहून जास्त होती. पैशासाठी कोणी आपल्या आईला पावसात ठेवत नाही.

१९५५ पासून कायदा आहे. आधी अस्पृश्यता अपराध कायदा, मग १९७६ ला त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण झालं, त्यात पण स्मशानभूमीचा उल्लेख आहे. म्हणजे आजी पोरसवदा होती तेव्हापासून तिला त्या शेडमध्ये जळायचा हक्क होता. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

साक्षी २०२४ मध्ये सुरू झाल्या. आधी अण्णांची झाली, दीड दिवस उलटतपास. मग आईची. आरोपीच्या वकिलांनी तिला विचारलं की नेमके काय शब्द होते ते सांगा. कोर्टहॉल भरलेला होता, ते तिघं समोर बसलेले. आईने पदर नीट केला आणि ते शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले, फिर्यादीत होते तेच, त्याच क्रमाने. मला खाली बघावंसं वाटलं, तिने नाही बघितलं. तुम्हाला वकिलांनी पाठ करून दिलंय का असं विचारलं तेव्हा म्हणाली, पाठ कशाला करावं लागतंय, लहानपणापासून ऐकतीय.

संध्याकाळी टाईप केलेल्या जबाबावर अंगठा घ्यायला कारकुनाने कागद पुढे केला. आईने हात मागे घेतला. "आदी वाचून दाखवा," म्हणाली. वाचून दाखवला. एका ठिकाणी "लाकडे पडली" असं आलं होतं, तिने थांबवलं, पडली न्हाईत, फेकली. जजसाहेबांनी दुरुस्त करून घ्यायला सांगितलं, मग तिने अंगठा दिला.

किराणावाल्या काकांची तारीख पुढच्या महिन्यात आहे. साक्षीदाराला येण्या-जाण्याचा खर्च मिळतो, त्याचा अर्ज मी भरून ठेवलाय, पण ते म्हणतात राहू दे, एसटीने येतो.