सायफायची डच वाहिनी

माझं डच सुधारलं त्याचं निम्मं श्रेय सायफाय या विज्ञानकथांच्या टीव्ही वाहिनीला. अमेरिकेत ती १९९२ मध्ये सुरू झाली, नेदरलँड्समध्ये डिजिटल केबलवर २००७ मध्ये आली. डच लोक मोठ्यांच्या मालिका डब करत नाहीत, सबटायटल्स देतात. म्हणजे यान पेटलंय, कप्तान इंग्रजीत बोंबलतोय आणि खाली दोन ओळींत शांतपणे डच! आइंडहोव्हनच्या थंडीत रात्री जेवणाचं ताट घेऊन मी त्या ओळी मोठ्यानं वाचायचो. बायको वैतागायची.

अमेरिकेतल्या मूळ वाहिनीनं २००९ मध्ये नावाचं स्पेलिंग Sci Fi चं Syfy असं बदललं, कारण जुन्या नावावर मालकी हक्क सांगता येईना. मग इथंही तेच. मला ते नवं रूप कधीच आवडलं नाही, उगाच चटपटीत!

२०१३ मध्ये नेटफ्लिक्स नेदरलँड्समध्ये आलं. दरम्यान यूपीसी आणि झिग्गो या केबल कंपन्या एक झाल्या. २०१६ मध्ये वाहिनी बंद. नेमकं कशामुळे ते मालकांनाच ठाऊक, पण माझ्याच घरात तोवर तो रिमोट मुलांच्या कार्टूनपुरता उरला होता. अमेरिकेतली वाहिनी मात्र त्यानंतरही चालूच राहिली.