पाच टीम आणि एकच टेक्निकल रायटर

कंपनीत सॉफ्टवेअरची मदतीची पानं लिहिणारा टेक्निकल रायटर एकच असला की काम कुठूनही येतं. चॅटवर "दोनच ओळी बदलायच्यात", मीटिंग संपता संपता "रिलीज नोट्सचं बघशील ना", सपोर्टकडून ग्राहकाचा ईमेल जसाच्या तसा फॉरवर्ड. यातलं काहीच कुठे नोंदलेलं नसतं, त्यामुळे कामाचा ढीग केवढा आहे ते करणाऱ्याशिवाय कोणालाच दिसत नाही. सगळे म्हणतात, रायटर हळू आहे.

म्हणून आधी काम येण्याची वाट एकच करा. डेव्हलपर जिथे बग नोंदवतात त्याच ट्रॅकरमध्ये डॉक्युमेंटेशनचा वेगळा टिकेट (म्हणजे कामाची नोंद) प्रकार बनवून घ्या. वेगळी शीट काढू नका, ती तुमच्याशिवाय कोणी उघडणार नाही. टिकेटात पाच रकाने पुरतात: काय बदललं, कोणत्या वापरकर्त्याला फरक पडतो, कोणत्या रिलीजमध्ये, माहिती कोणाकडे आहे, आणि चालू बिल्ड (सॉफ्टवेअरची वापरून बघता येणारी आवृत्ती) कुठे बघायला मिळेल. शेवटचा रकाना रिकामा असेल तर टिकेट परत पाठवा. फीचर हाताळल्याशिवाय लिहिलेलं पान डिझाइनच्या फाइलवर बेतलेलं असतं, आणि बटणांची नावं रिलीजच्या तोंडावर बदलतात. पाच मिनिटांत होणारी स्पेलिंगची दुरुस्ती मात्र हातासरशी करून टाका. तिथेही नियमावर बोट ठेवलंत तर लोक चुका कळवणंच सोडतील.

मग हिशेब मांडा. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या एका फेरीत, ८० तास. मीटिंग, बिल्ड लावणं, सपोर्टच्या शंका, रिव्ह्यूसाठी लकडा लावणं हे वजा जाता पानांसाठी ४५ तास उरतात असं धरू. पाच टीमची प्रत्येकी तीन टिकेटं म्हणजे १५, एकेकाला सरासरी ५ तास, एकूण ७५. तूट ३० तासांची. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे काढायला महिनाभर प्रत्येक टिकेटवरचा वेळ माहिती मिळवणं, लिहिणं आणि रिव्ह्यू अशा तीन भागांत नोंदवा. वेळ नेमका कुठे मुरतो ते तिथेच कळतं.

तूट रात्री बसून भरून काढायची नाही. एकदा भरून काढली की तीच तुमची क्षमता धरली जाते आणि पुढच्या स्प्रिंटला १६ टिकेटं येतात. त्यापेक्षा प्रॉडक्ट मॅनेजरांना सांगा, "१५ पैकी ९ होतील. कोणती ६ मागे ठेवायची ते ठरवा." पाचही जणांना एकाच कॉलवर घ्या. वेगवेगळं विचारलं तर प्रत्येकाचं सगळंच तातडीचं असतं. मागे राहिलेल्यांची यादी रिलीजच्या टिकेटालाच जोडून ठेवा, म्हणजे नंतर "हे पान का नाही?" या प्रश्नाला उत्तर तयार असतं.

त्या कॉलला जाताना तुमचा क्रम तयार हवा, आणि तो नुकसानीवर लावलेला असावा. डेटा जाईल, पैसे चुकतील, सुरक्षा ढिली पडेल असं काही असेल तर ते सर्वांत वर. त्याखाली ग्राहकाचा चालू कोड मोडणारे एपीआयमधले (ग्राहकाचा कोड ज्या मार्गाने आपल्या सॉफ्टवेअरशी बोलतो त्यातले) बदल, मग इन्स्टॉल आणि अपग्रेडच्या पायऱ्या, मग नवी फीचर्स. स्क्रीनची नुसती रंगरंगोटी तळाला. जुन्या पानांपैकी कोणतं आधी सुधारायचं हे सपोर्टमध्ये परत परत येणारे प्रश्न आणि मदतीच्या साइटवर काहीच न सापडलेले शोधशब्द सांगतात.

रिव्ह्यू हे बहुतेक ठिकाणी भिजत घोंगडं. "जरा नजर टाका" म्हणून १२ पानं पाठवली की डेव्हलपर स्वल्पविराम दुरुस्त करून देतो, किंवा काहीच देत नाही. त्याऐवजी पानासोबत नेमके तीन प्रश्न पाठवा: लॉगिनच्या टोकनची मुदत संपल्यावर एरर ४०१ (ओळख पटली नाही) येतो की ४०३ (परवानगी नाही)? हे फील्ड रिकामं सोडलं तर कोणती किंमत धरली जाते? अपग्रेड मध्येच थांबवलं तर मागे जाता येतं का? अशा प्रश्नांना दहा मिनिटांत उत्तर देता येतं. ठरलेल्या दिवसापर्यंत उत्तर आलं नाही तर तेवढाच भाग गाळून बाकीचं पान लावा. "गप्प म्हणजे मान्य" हा नियम इथे धोक्याचा, कारण चुकीची पायरी ग्राहक तंतोतंत पाळतो.

रिलीज नोट्सचा, म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदललं त्या टिपणाचा, कच्चा मसुदा डेव्हलपरकडूनच घ्या. पुल रिक्वेस्टच्या (कोडमधला बदल मंजुरीसाठी पाठवायच्या अर्जाच्या) साच्यात "वापरकर्त्याला काय वेगळं दिसेल?" अशी एक ओळ टाकली की पुरे. नाहीतर कमिटमध्ये (कोड जतन करतानाच्या नोंदीत) "रीट्राय हँडलरमध्ये नल चेक" एवढंच असतं, आणि त्यावरून तुम्हाला शोधून काढावं लागतं की नेटवर्क तुटलं की अपलोड अर्धवट राहायचं, आता ते पुढे चालू राहतं.

एपीआयचं रेफरन्स हाताने लिहू नका. ओपनएपीआय फाइलमधून (एपीआयचं ठरावीक साच्यातलं वर्णन) ते आपोआप तयार होतं. वर्णनं कोडशेजारी असतात, फील्ड बदलणाऱ्याच्या नजरेसमोर. शैली तपासायला वेल (Vale) सारखा लिंटर, म्हणजे नियम मोडलेल्या जागा दाखवणारं साधन, लावा, पण सुरुवातीला मोजकेच नियम एरर पातळीवर ठेवा आणि फक्त बदललेल्या फाइल्स तपासा. सगळे नियम जुन्या पानांवर एकदम चालवले तर शेकडो इशारे येतात आणि आठवड्याभरात कोणी ते वाचत नाही. तुटलेल्या लिंकची तपासणीही साइट आपोआप तयार करणाऱ्या त्याच बिल्डमध्ये बसते.

स्क्रीनशॉट कमी करा, निर्दयपणे. नाव छापलेल्या बटणाला चित्र लागत नाही. चित्र फक्त तिथे, जिथे एखादी गोष्ट शब्दांत दाखवता येत नाही. मेनूत एक ओळ वाढली तरी तो मेनू दिसणारं प्रत्येक चित्र शिळं होतं.

आणि सुट्टीवर जाण्याआधी पान प्रकाशित करण्याच्या पायऱ्या रिपॉझिटरीतच (जिथे पानांच्या फाइल्स असतात तिथेच) लिहून ठेवा. त्या वाचून एका डेव्हलपरला, तुम्ही काही न सांगता, एक छोटा बदल साइटवर लावायला लावा. तो जिथे अडेल, तिथे बहुतेक वेळा फक्त तुमच्याच खात्याला असलेली एखादी परवानगी आडवी आलेली असते.