आमची वाटचाल : निनावी मशीनचा निकाल

वडिलांच्या हाताखाली शिकून मी आणि माझ्या भागीदाराने 1983 साली पुण्यात घड्याळदुरुस्तीचे दुकान काढले. पुढची सात-आठ वर्षे बरी गेली. त्यांच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. सांगायचे आहे ते 1991 चे.

आमच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एका वकीलसाहेबांनी पणजोबांचे चावीचे खिशातले घड्याळ सफाईला दिले होते. चांदीच्या केसवर इंग्लंडमधल्या चेस्टर शहराचा, चांदी पारखून मारलेला छाप होता; मशीनवर मात्र नाव नव्हते, फक्त क्रमांक होता. घड्याळ परत गेले आणि शेजारच्या पेठेतल्या एका दुकानदाराने, आतले धूळझाकणही न काढता, निकाल दिला की केस इंग्लिश असून आतले मशीन स्विस आहे, म्हणजे आम्ही ते बदलले. महिनाभरात कामे निम्म्यावर आली आणि भागीदाराने हिशेब मागितला.

वकीलसाहेब घड्याळ घेऊन आले आणि एवढेच म्हणाले, "दाखवा, काय ते."

मी आधी मेनस्प्रिंगचा, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या मुख्य स्प्रिंगचा, ताण उतरवला (आत साखळी असलेल्या घड्याळात हे विसरणाऱ्याने त्याला हातच लावू नये), बिजागरीची पिन काढून मशीन केसमधून सोडवले आणि भिंग त्यांच्या हाती दिले. फ्यूजीचा, म्हणजे स्प्रिंगचा जोर सारखा ठेवणारा, शंकू, त्याची सायकलच्या चेनसारखी बारीक साखळी आणि एस्केप व्हीलचे, म्हणजे टिकटिकीगणिक एकेक दात सुटणाऱ्या चाकाचे, करवतीसारखे टोकदार दात त्यांना दिसले. स्विस लिव्हर मशीनमधल्या या चाकाचे दात टोकाला रुंद असतात. मग तबकडीच्या पायांतल्या पिना ओढल्या. तबकडीखाली 'जे.पी.' असा ठसा निघाला : लँकेशायरमधल्या प्रेस्कॉटचे जोसेफ प्रेस्टन अँड सन्स. प्रेस्कॉटला कच्ची मशीने बनत, ती लंडन, कोव्हेंट्री, लिव्हरपूलचे कारागीर पूर्ण करत, आणि वर नाव कोरलेच तर ते पुष्कळदा विक्रेत्याचे असे. तेव्हा वरची प्लेट कोरी असण्यात संशय घेण्यासारखे काही नव्हते. शेवटी केसच्या आतला क्रमांक आणि मशीनवरचा क्रमांक त्यांनाच मोठ्याने वाचायला लावले. दोन्ही एकच होते.

नव्या मुलांनी एवढे ध्यानात ठेवावे की छापावरून केसचे वर्ष कळते, मशीनचा कर्ता नव्हे, आणि तबकडी उतरवल्याशिवाय कोणाचेही नाव घेऊ नये. तसेच जुनी प्लेट चकचकीत करण्याच्या नादात ठसे घासून टाकू नयेत.

ते घड्याळ आजही तेलपाण्यासाठी आमच्याकडेच येते. आता वकीलसाहेबांची मुलगी आणते. भागीदार मात्र क्रमांक जुळल्याचे कळेपर्यंत थांबला नाही. तो तोवर शेजारच्या पेठेतल्या त्याच दुकानात कामाला लागला होता.