गुलाबपाणी घरी काढायचं तर आधी फूल तपासा

लांब दांड्याचे, कागदात गुंडाळून मिळणारे गुलाब सजावटीपुरते ठीक. तोंडाला लावायला किंवा पोटात घ्यायला ते नकोत. ते वाढवलेले असतात फुलदाणीत टिकावेत म्हणून. वास बेताचा आणि फवारणीचा अंश असण्याची शक्यता मोठी. काही कीटकनाशकं झाडाच्या आत भिनतात, त्यामुळे धुण्याचाही फारसा उपयोग नाही. हवा तो न फवारलेला, पातळ पाकळ्यांचा सुवासिक गुलाब, म्हणजे दमास्क किंवा त्याच्या जवळची जात. पाकळी बोटांत चुरडून वास आला नाही, तर पुढची सगळी खटपट वाया.

फुलं सकाळी ऊन चढायच्या आत तोडावीत, कारण उन्हानं सुगंधी तेल उडतं. मुळात ते असतं नाममात्र: १ किलो तेलासाठी ३ ते ४ हजार किलो फुलं लागतात. 'शुद्ध गुलाबतेल' स्वस्तात मिळत असेल, तर काय ते समजून घ्या!

पाकळ्या पाण्यात उकळून गाळल्या की होतो तो काढा, गुलाबपाणी नव्हे. खरं गुलाबपाणी वाफेचं. मोठ्या पातेल्याच्या मधोमध जाड वाटी पालथी घाला, तिच्यावर रिकामा वाडगा ठेवा. भोवती साधारण २०० ग्रॅम पाकळ्या आणि १ लिटर पाणी. पाणी वाडग्याच्या काठाच्या बरंच खाली राहायला हवं. वरून फुगीर झाकण उलटं ठेवा आणि त्याच्या खोलगट भागात बर्फ. वाफ थंड झाकणाला लागते, तिचे थेंब मध्याकडे घसरून वाडग्यात पडतात. आच मंदच हवी. मोठ्या आचेवर खालचं पाणी उसळून वाडग्यात जातं आणि त्याला रंग येतो. वाफेचं पाणी मात्र रंगहीन असतं. (बाटलीतलं गुलाबपाणी गुलाबी दिसलं, तर त्यात रंग आहे किंवा तो काढा आहे.) पाऊण लिटर निघेपर्यंत थांबायचा मोह टाळावा. पहिलं २०० ते २५० मिलिलिटर उत्तम, पुढे नुसता उकडलेल्या पाल्याचा वास येतो.

उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या गडद काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं, तर दोनेक आठवडे बरं राहतं. गढूळपणा किंवा तंतू दिसले की फेकून द्यावं. चेहरा धुतल्यावर कापसानं लावा, पण आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दिवसभर पाहा. तजेला वाटतो, पण मुरुमं त्यानं बरी होत नाहीत. आणि डोळ्यांत घरचं गुलाबपाणी अजिबात घालू नये. ते निर्जंतुक नसतं. जंतुसंसर्ग व्हायला एक थेंब पुरे.

पातेल्यात उरलेलं रंगीत पाणी टॅनिनमुळे तुरट असतं. गार करून त्याच दिवशी गुळण्यांना वापरता येतं. त्यात लिंबू पिळलं तर ते लालभडक होतं, सोडा टाकला तर हिरवट. मुलांना दाखवायला छान.

गुलकंदाला पाकळ्यांच्या दुप्पट वजनाची खडीसाखर घ्यावी, भरड कुटून. पाकळीच्या बुडाचा पांढरट भाग कडवट लागतो, तो कात्रीनं काढावा. धुतलेल्या पाकळ्या फडक्यावर पूर्ण सुकू द्याव्यात. इथेच बहुतेकांचा गुलकंद बिघडतो. दाट साखरेत जंतू वाढत नाहीत, पण ओलाव्यानं पाक पातळ झाला की बुडबुडे येतात आणि आंबूस वास सुटतो. काचेच्या बरणीत आलटूनपालटून थर द्या, वर थोडी जागा सोडा आणि तीन-चार आठवडे उन्हात ठेवून कोरड्या चमच्यानं हलवत राहा. गुणांची यादी कितीही मोठी सांगितली, तरी त्यात मुख्यतः साखरच असते. मधुमेह असलेल्यांनी हे विसरू नये.

वाळवायच्या पाकळ्या सावलीत, एकावर एक न टाकता, कुरकुरीत होईपर्यंत ठेवाव्यात. कपाटात सुगंधाला चांगल्या, पण कसर त्यानं दूर राहील या भरवशावर लोकरीचे कपडे ठेवू नका.

रानगुलाबाच्या फळांत 'क' जीवनसत्त्व भरपूर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये संत्र्यांची आयात आटली, तेव्हा ही फळं गोळा करून मुलांसाठी त्यांचं सिरप बनवलं जाई. मात्र फळाच्या आत बियांभोवती बारीक केस असतात. ते घशाला आणि कातडीला खाजवतात. म्हणून फळं चिरून गरम पाण्यात मुरवली, की पाणी चाळणीतून नव्हे, तर दुहेरी कापडातून दोनदा गाळावं.