मांडीवर चाक घेऊन आजऱ्यापर्यंत

मोटरसायकलींबद्दल मी आजवर जी काही अक्कल पाजळली, ती सगळी पुढच्या सीटवर बसून पाजळली. सात वर्षं माझ्याकडे हिमालयन 411 आहे. कोणी विचारलं, "लांबच्या प्रवासाला कोणती गाडी घेऊ?" की मी टॉर्क, टाकी, सस्पेन्शन असं सुरू करायचो. आता बोलताना जरा अडखळतो. कारण डिसेंबरमधला आजऱ्याचा रस्ता.

मागच्या वर्षी याच रस्त्याने पुण्याहून एकटा गोव्याला गेलो होतो. कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी. साधारण 450 किलोमीटर, चार चहा, एक मिसळ. मागे एक बॅग बांधलेली, ती बिचारी काही बोलत नाही. संध्याकाळी हॉटेलवर उतरलो तेव्हा आणखी शंभर सहज मारले असते असं वाटत होतं. घरी येऊन बायकोला म्हणालो, "अगं, काही त्रास नाही या गाडीवर. पुढच्या वेळी तू चल."

ती आली. सोबत एक मित्र, त्याच्या गाडीवर एकटा. (त्याच्या गाडीचं नाव घेत नाही. त्या गाडीचे भक्त घरापर्यंत येतात.) पहाटे पाचला नवले पूल ओलांडला आणि खंबाटकीच्या चढालाच फरक कळला. एकटा असताना चौथ्या गिअरमध्ये गाणं म्हणत चढणारी गाडी आता तिसऱ्यात धापा टाकत होती. 24 बीएचपीची ताकद, दोन माणसं, दोन पॅनियर (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पेट्या) आणि 'लागतील म्हणून' घेतलेली तिसरी चपलांची जोडी. पुढे हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करायचं म्हणजे आधी मनात सभा भरवावी लागायची. शिवाय मागे वजन आलं की हेडलाइट आभाळ बघतो. प्रीलोड, म्हणजे मागच्या स्प्रिंगचा ताण, वाढवून निघायला हवं होतं, ते साताऱ्याला अंधारात समोरच्यांच्या शिव्या खाल्ल्यावर आठवलं.

बायको 80 किलोमीटर झाले की पाठीवर दोनदा थापटायची. थांब. मी मनात हिशोब करायचो, 15 लिटरची टाकी, लिटरला 30 धरले तरी साडेचारशे निघतात, मग थांबायचं कशाला? कराडच्या पुढे एकदा म्हणालोही, "इतक्यात? आत्ताच तर बसलीस." तिने हेल्मेटची काच वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि काच परत खाली केली. त्या दिवसातलं आमचं सर्वात मोठं संभाषण तेच.

आजरा सोडून 15 किलोमीटर गेलो आणि हँडल मऊ लागायला लागलं. पुढचं चाक पंक्चर. माझ्या गाडीला स्पोकची चाकं, म्हणजे आत ट्यूब. ट्यूबलेस असतं तर चाक न काढता, भोकात बाहेरूनच गुंडी मारून दहा मिनिटांत निघालो असतो. स्पेअर ट्यूब होती का? होती. घरी, पार्किंगमधल्या कपाटात, टायर उचकटायच्या दोन पट्ट्यांसकट. एकटा जाताना आठवणीने घेतली होती. या वेळी तिच्या जागी ती चपलांची जोडी आली असावी, पण हे मी तिथे मोठ्याने बोललो नाही.

समोर चहाची टपरी होती. टपरीवाल्या मावशींनी आजऱ्यातल्या पंक्चरवाल्याचा नंबर दिला. तो म्हणाला, "दुकान टाकून येता येत न्हाई. चाक घेऊन या." मेन स्टँडवर गाडी घेऊन इंजिनखाली दगड सरकवले, चाक काढलं. मावशी म्हणाल्या, "वहिनी बसू देत हितं. तुमी जावा." आणि मी आयुष्यात पहिल्यांदा लांबच्या रस्त्याला मित्राच्या मागे बसलो. मांडीवर 21 इंची चाक.

हे चाक मांडीवर मावत नाही, हे आधी सांगतो. ते उभं धरावं लागतं, मग समोर मित्राची पाठ आणि त्याच्याआधी टायर. ब्रेकच्या डिस्कची कड मांडीत रुतते. दोन्ही हात चाकाला, म्हणून धरायला काही नाही. मागचं सीट पुढच्यापेक्षा वीतभर उंच आणि तळहाताएवढं रुंद, फूटपेग इतके वर की गुडघे कोपरांशी बोलतात. पण हे सगळं परवडलं. परवडलं नाही ते एवढंच की मला पुढचं काही दिसत नव्हतं. पुढे बसणाऱ्याला स्पीडब्रेकर दिसतो, तो पेगवर जरा उठतो आणि त्याचं भागतं. मागच्याला स्पीडब्रेकर पाठीच्या मणक्यातून कळतो. ब्रेक लागला की माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर टक्. गिअर टाकला की टक्. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर समोर आला, मित्र कच्च्यात उतरला, आणि मी चाकासकट देवाचं नाव घेतलं. पाचव्या किलोमीटरला डाव्या पायाला मुंग्या. नवव्याला मी त्याच्या पाठीवर डोक्यानेच थापटलं. थांब. तो वळून म्हणाला, "इतक्यात? आत्ताच तर बसलास."

येताना हवा भरलेलं चाक जास्त जड लागलं, किंवा मला तसं वाटलं.

टपरीवर परतलो तर बायको मावशींबरोबर चुलीपाशी बसून शेंगा सोलत होती. माझ्या चालण्याकडे पाहून तिने विचारलं, "किती झालं रे?"

"जाऊन-येऊन तीस."

"मी पुण्यापासून तीनशे वीस." आणि शेंगांचा द्रोण माझ्यापुढे सरकवला.

पुढचे तीन दिवस सावंतवाडी, वेंगुर्ला, मासे. छान गेले.

पुण्यात आल्यावर दोन रविवार आम्ही टेस्ट राइडी मारल्या, पण या वेळी परीक्षक मागे बसला होता. शोरूमवाल्या पोराला ते झेपत नव्हतं. "मॅडमपण बसणार?" हो, मॅडमच बसणार, मी फक्त चालवणार. कर्वेनगरातले सगळे स्पीडब्रेकर तिने मुद्दाम घ्यायला लावले.

नवी हिमालयन 450 मला जागीच आवडली. 40 पीएस (हीही ताकदच, बीएचपीच्या जवळपास तेवढीच), सहा गिअर, 17 लिटरची टाकी, खंबाटकी पुन्हा गाणं म्हणत. तिचं मत: "चढताना एसटीच्या टपावर चढल्यासारखं वाटतं, पण बसल्यावर बरी आहे." आपल्या चाकणची डॉमिनार 400, तीही 40 पीएसची, कंपनीकडूनच कॅरिअर आणि पाठ टेकायला गादी मिळते. ती गादी तिला पटली, टाकी 13 लिटरची म्हणून मीच नाक मुरडलं. तिने लगेच ऐकवलं, "आपण कुठे चारशे किलोमीटरला थांबतो?" मीटिऑर 350 वर ती सर्वात सहज बसली. सीट 765 मिलिमीटरवर, पाय न उचलता बसता येतं. पण 20 बीएचपीत दोघं आणि सामान घेऊन घाट म्हटल्यावर माझा चेहरा पडला. इंटरसेप्टर 650 ला दोन सिलिंडर, 47 पीएस, नव्वदच्या वेगालाही हातात झिणझिण्या नाहीत. ती म्हणाली, "सीट सपाट आहे, कुठे बसायचं ते माझं मी ठरवते." हा मुद्दा मी कुठल्याच रिव्ह्यूत वाचला नव्हता.

शेवटी सुपर मीटिऑर 650. पाठ टेकलेली, पाय मोकळे, वारज्यापर्यंत एकदाही थापटलं नाही. माझं मात्र तोंड कडू, कारण गाडी 241 किलोची आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगला उतार. बायकोसकट ती गाडी मागे ओढायला मला वॉचमन काकांना हाक मारावी लागली असती. एकट्याला मला अजूनही हिमालयनच हवी आणि दोघांना हा सोफा. दोन गाड्यांचे पैसे नाहीत.

म्हणून गेल्या शनिवारी नाना पेठेत सीटवाल्याकडे गेलो. फक्त मागचा भाग रुंद करायचा, फोम बदलायचा, पुढचा उतार काढायचा, म्हणजे ब्रेक लागला की ती घसरून माझ्यावर येणार नाही. 2,200 रुपये ठरले. कारागिराने खडू घेतला आणि मला म्हणाला, "बसा साहेब, माप घेतो."

"माझं नाही, हिचं."

त्याने फोम अंदाजाने कापला, बायकोला गाडीवर बसवलं आणि गल्लीतल्या टपरीवरून चहा मागवला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी दोनदा विचारलं, "झालं ना?" ती चहा संपवून ग्लास त्याच्या हातात देत म्हणाली, "मागे अजून दोन बोटं वाढवा."