जर्मनीतल्या मोकळ्या संध्याकाळी आणि आमचे कन्नडचे सर

आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, परदेश दौरा ही आता फार नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. कास्टिंग, मशिनिंग, हायड्रॉलिकचे पार्ट, कस्टमर बाहेरचे, त्यामुळं कुणी ना कुणी बॅग भरून निघालेलं असतंयच. निघताना सगळे सांगतात, चटणी कशी बांधून घे, स्वेटर हाताशी ठेव, इमिग्रेशनला काय विचारतात, सगळं सांगतात. पण संध्याकाळचं कुणी सांगत नाही. तिकडं काम पाच-साडेपाचला संपतंय, जर्मन माणसं वेळेवर उठून घरी जातात आणि आपण हॉटेलवर एकटे. झोपेपर्यंत चार-पाच तास हातात, दोन आठवड्यांचे धरले तर चाळीस-पन्नास तास होतात की. मला हे पोटतिडकीनं लिहावंसं वाटतंय कारण पहिल्या दौऱ्यात मी हे सगळे तास घालवले.

तेव्हा रिजेक्शनचं, म्हणजे माल नाकारल्याचं, प्रकरण होतं, डोक्याला ताप होता हे खरं. रोज रूमवर यायचं, शूज काढायचे, पाच मिनिटं पडतो म्हणून पाठ टेकायची की झालं, मोबाईल हातात आणि खिडकीबाहेर लख्ख ऊन असताना आतमध्ये पडदा ओढलेला. किटलीत पाणी तापवून नूडल्स. परत आल्यावर आईनं विचारलं, "गाव कसं हाय रं ते? नदीबिदी हाय का न्हाई?" आणि मला सांगता येईना. नदी होती, हॉटेलपासून चालत दहा मिनिटांवर, आणि मी ती ट्रेनच्या खिडकीतून तेवढी बघितलेली. आई शेतातल्या घरात वाढलेली, कुठलंही गाव तिला नदीवरून कळतंय. तिला सांगायला माझ्याकडं काहीच नव्हतं, ते मला फार लागलं.

म्हणून मागच्या वर्षी जूनच्या शेवटी परत जायचं ठरलं तेव्हा मी आधीच ठरवून टाकलं. हॉटेल त्याच गावात, एसलिंगेन, स्टुटगार्टपासून लोकलनं पंधरा-वीस मिनिटांवर. ठरवलं काय तर दोनच गोष्टी. एक म्हणजे रूमवर गेल्यावर बॅग ठेवायची, तोंड धुवायचं, पण शूज काढायचे नाहीत, गादीवर बसायचं सुद्धा नाही. दुसरं म्हणजे घरचा फोन संध्याकाळी नाही, दुपारी. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असते, म्हणजे तिथं संध्याकाळी सहा वाजले की बेळगावात साडेनऊ, पोरं झोपायला आलेली, बायको दमलेली, मग अर्धा तास अर्धवट बोलणं आणि तेवढ्यात बाहेर जायचा मूड गेलेला. त्याऐवजी लंचला एक वाजता फोन केला की घरी साडेचार, चहाची वेळ, पोरं शाळेतून आलेली, पोटभर बोलणं होतंय आणि संध्याकाळ सगळी आपली. हे एवढं केल्यानं काय फरक पडला ते मी शब्दात सांगू शकत नाही.

तिथल्या उजेडाचं सांगायला पाहिजे. जूनच्या शेवटी तिथं सूर्य साडेनऊला मावळतो. आपल्याकडं सातला दिवेलागण, त्यात जून म्हणजे पावसानं कोंदटलेला, आपल्या अंगाला सवयच नाही रात्री नऊ वाजता ऊन असायची. पहिले दोन दिवस मी घड्याळ बघून घाईघाईनं जेवायला जायचो, मग कळलं की घाई कसली, अजून एक अख्खी दुपार बाकी आहे.

एसलिंगेनमध्ये गावाच्या मागंच टेकडी आहे आणि टेकडीवर तट, बुरूज. त्याला तिथले लोक बुर्ग म्हणजे किल्ला म्हणतात पण तो राजाच्या राहण्याचा किल्ला नव्हे, गावाच्या संरक्षणासाठी बांधलेला तट. वर जायला तटाच्या कडेकडेनं दगडी पायऱ्या आहेत. तिकीट नाही, काही नाही. वर गेलं की खाली लाल कौलांची छपरं, जुनी लाकडी चौकटींची घरं, नेकार नदी, रेल्वे, आणि चर्चचे दोन मनोरे ज्यांच्यामध्ये उंचावर एक छोटा पूल जोडलेला आहे. मी चौदा दिवसांत सहा वेळा तिथं गेलो. लोक म्हणतील एकाच जागी सहा वेळा कशाला, दुसरं काही बघ की. पण मला उलट वाटतंय. एकदा बघितलेली जागा फोटोत राहते, सहा वेळा गेलेली जागा आपली होते. येळ्ळूरच्या राजहंसगडावर आपण किती वेळा जातो, कुणी विचारतंय का कशाला म्हणून?

टेकडीच्या उतारावर द्राक्षमळे आहेत, अगदी गावाला चिकटून. उतार इतका खडा की ट्रॅक्टर चढत नाही, म्हणून रचीव दगडांच्या तालींनी पायऱ्या पाडलेल्या आणि सगळं काम हातानं. तिसऱ्या संध्याकाळी तिथं एक सत्तरीचे आजोबा वेलीच्या फांद्या तारेत अडकवत होते. मी थांबून बघत राहिलो. डाव्या हातानं फांदी वाकवायची, दोन तारांच्या मधून वर ओढायची, शेंड्याला धक्का लागू द्यायचा नाही, नको असलेला फुटवा उजव्या हाताच्या अंगठ्यानं मोडायचा, आणि पाय पुढं. मान वर न करता. त्यांचा एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या, अंग तिरकं. आमच्या खानापूर बाजूला भाताची लावण करणाऱ्या बायका अशाच एका लयीत मागं सरकतात. मला जर्मन येत नाही, त्यांना इंग्रजी थोडंसं. मी माझ्या मोबाईलमधला मामाच्या शेताचा फोटो दाखवला, चिखल, रोपं, बांध. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला, मग एका ढासळलेल्या तालीकडं बोट दाखवून दगड उचलायची खूण केली आणि कमरेवर हात ठेवला. बांध घालणं सगळीकडं कमरेवरच येतंय. त्यानंतर तीन वेळा ते भेटले, दर वेळी हात वर करायचे.

स्टुटगार्टला मी तीन संध्याकाळी गेलो. आपण इंजिनिअर माणसं, म्युझियम सहाला बंद होतात म्हणून हळहळत बसतो, पण संध्याकाळी उघड्या असणाऱ्या गोष्टीपण भरपूर आहेत तिथं. पब्लिक लायब्ररी रात्री नऊपर्यंत असते, २०११ साली उघडलेली, एका कोरियन वंशाच्या आर्किटेक्टनं केलेली, बाहेरून नुसता ठोकळा आणि आतून सगळी पांढरीशुभ्र, मजल्यावर मजले आणि मध्ये मोकळा चौक. बाहेरच्या चार भिंतींवर ग्रंथालय हा शब्द चार भाषांत कोरलाय, जर्मन, इंग्रजी, अरबी आणि कोरियन. कुणी आत यायला अडवत नाही, कार्ड विचारत नाही. मी एका खुर्चीवर तासभर बसलो, शेजारी शाळेची पोरं गणित सोडवत होती. आपल्या गावात असं काहीतरी पाहिजे असं फार वाटलं, पोरांनी रात्री नऊपर्यंत बसावं असं.

आणि किलेसबर्गचा मनोरा. चाळीसएक मीटर उंच, २००१ सालचा, मध्ये एक खांब आणि भोवती केबलची जाळी, त्या जाळीला आतून जिना टांगलेला. वर गेल्यावर वाऱ्यानं हलतो, पायाला कळतंय. डिझाईन यॉर्ग श्लाइश यांचं, आणि हॉटेलवर येऊन वाचलं तर कोलकात्याचा विद्यासागर सेतू, १९९२ साली खुला झालेला, त्याच्या डिझाईनमध्येपण हेच! मी त्या पुलावरून एकदा टॅक्सीनं गेलोय. केबलला ताण देऊन वजन कसं उचलतात हे पुस्तकात शिकलेलं असतंय, पण तो जिना पायाखाली थोडासा झुलतो तेव्हा जे समजतंय ते वेगळंच. उद्यमबागेतल्या प्रत्येक नवीन पोराला एकदा तिथं उभं करावं.

जेवणाचं थोडक्यात सांगतो. केझश्पेट्झले म्हणून चीज घातलेल्या जाड शेवयांसारखं असतंय, वर तळलेला कांदा, शाकाहारी माणसाला पोटभर. माउलटाशन म्हणजे आपल्या करंजीच्या कुळातलं, पण आत बहुतेक वेळा मांस असतंय, सोमवार पाळणाऱ्यांनी विचारून घ्या. रविवारी दुकानं बंद, त्यामुळं फळं-दही शनिवारी संध्याकाळीच आणून ठेवायचं. खरेदीसाठी एकच संध्याकाळ ठेवा. माझ्याबरोबरचे एकजण पाच संध्याकाळी चॉकलेट आणि पर्फ्युमच्या दुकानांत फिरले, मला मनापासून वाईट वाटलं त्यांच्यासाठी.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

माझी शाळा मराठी मीडियम, कन्नड हा विषय. आमच्याकडं भाषेवरून काय काय होतंय ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात मी शिरत नाही. पण आमचे कन्नडचे सर फार चांगले होते. घरात मराठी बोलणाऱ्या पन्नास पोरांना कन्नड शिकवायचं, ते कधी चिडले नाहीत. ते किट्टेलचा शब्दकोश हातात घेऊन यायचे, जाडजूड, कडा झिजलेला, आणि सांगायचे की बघा, हा माणूस जर्मनीतून आला, धारवाडात राहिला, मंगळूरला राहिला, आणि १८९४ साली हा कोश छापला, सत्तर हजारावर शब्द. "त्याला जमलं, तुम्ही तर शेजारी राहता," असं म्हणायचे. आणि मोग्लिंग. हर्मन मोग्लिंग, हेपण जर्मनीतलेच, ज्यांनी १ जुलै १८४३ ला मंगळूर समाचार काढला, कन्नडमधलं पहिलं वर्तमानपत्र, म्हणून कर्नाटकात १ जुलैला पत्रिका दिन असतो. परीक्षेला हमखास यायचं.

तर एका रात्री जेवून आल्यावर सहज मोग्लिंगचं नाव शोधलं. जन्म १८११, मृत्यू १८८१, मृत्यूचं गाव एसलिंगेन. मी ज्या गावात बसलेलो तेच गाव. अंगावर काटा आला. पहिल्या दौऱ्यात दोन आठवडे त्याच गावात पडदा ओढून झोपलो होतो मी. दुसऱ्या दिवशी १ जुलै होती, हे मी जुळवून सांगत नाही, कॅलेंडर बघितलं तर खरंच होती. त्या संध्याकाळी गावातल्या जुन्या गल्ल्यांतून नुसता चाललो, कुठं त्यांचं घर होतं हे शोधायला नाही, तर या दगडांवरून तो म्हातारा माणूस चालला असेल, डोक्यात कन्नड शब्द घेऊन, एवढ्याच भावनेनं.

किट्टेल १९०३ ला ट्युबिंगेनमध्ये वारले. ते युनिव्हर्सिटीचं गाव, १४७७ पासूनची युनिव्हर्सिटी, त्यांनीच किट्टेलना डॉक्टरेट दिली होती. एसलिंगेनहून ट्रेननं तासाभरात पोचतो. शुक्रवारी काम चारलाच संपलं तसा निघालो, पाचच्या ट्रेननं. नेकार तिथंपण आहे, पुलावर फुलांच्या कुंड्या, खाली लांबट सपाट होड्या, मागं एकजण उभा राहून लांब काठीनं पाणी ढकलतो. मी पुलाच्या कठड्याला टेकून उभा होतो. सव्वासहा झाले असतील, म्हणजे आपल्याकडं पावणेदहा, सेकंड शिफ्ट चालू. आणि फोन वाजला, आमच्या मशिन शॉपचा सुपरवायझर, गोकाककडचा, कन्नड बोलणारा. बोअरच्या, म्हणजे पार्टातल्या भोकाच्या, मापाची शंका आली म्हणून. "सर, डाया हत्त मायक्रॉन जास्ती बरताइत्री." व्यास दहा मायक्रॉन जास्त येतोय. मी म्हटलं आधी गेज पुसून परत घे, मग इन्सर्ट बघ, तोवर पुढचा पीस चढवू नको. पाच-सात मिनिटं आम्ही बोललो, सगळं कन्नडमध्ये, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कुठं उभा आहे. शेजारी एक बाई सायकल धरून उभी होती, ती माझ्याकडं बघून हसली, कुठली भाषा म्हणून विचारलं. मी म्हटलं कन्नड. तुमची भाषा का? म्हटलं नाही, माझी मराठी, ही आमच्या गावाची. तिला किट्टेलबद्दल सांगितलं, तिला माहीत नव्हतं, तिनं नाव मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

आल्यावर आईला नदीचं सगळं सांगितलं, रंग, पात्र किती रुंद, होड्या कशा, द्राक्षाच्या ताली, त्या आजोबांची कंबर. तिनं दोनदा सांगायला लावलं.

आणि रविवारी सरांकडं गेलो. आता रिटायर होऊन बरीच वर्षं झालीत, वडगावात राहतात, कानाला थोडं कमी येतंय. पुलावरचा फोटो दाखवला, ट्युबिंगेन म्हणून मोठ्यानं सांगितलं. सरांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. मग कन्नडमध्येच विचारलं, "अल्ली कन्नड मातनाडिदी एनो?" तिथं कन्नड बोललास काय रे.

"हौद री सर, बोललो," मी म्हटलं आणि बोअरच्या मापाचं सगळं सांगितलं. सर बराच वेळ काही बोलले नाहीत, माझा हात तेवढा धरून ठेवला होता. मग म्हणाले, "छलो माडिदी." चांगलं केलंस. आणि आतमध्ये आवाज दिला, चहा टाका म्हणून.