उघडत्या छताच्या कॅम्परची पहिली परीक्षा

ट्रकच्या हौद्यावर बसणाऱ्या आमच्या कॅम्परचे, म्हणजे मुक्कामाच्या छोट्या खोलीचे, छत वर उचलले की चारही बाजूंना कापडी भिंती ताणल्या जातात, आणि थंडीत खरी कसोटी लागते ती या कापडाचीच. म्हणूनच शनिवार-रविवारच्या सहलीत मला सर्वांत आधी कापडाच्या आतून लावलेले उष्णतारोधक अस्तर तपासायचे होते. पहिल्या पहाटे हात फिरवून पाहिला तेव्हा अस्तर कोरडे लागले. मात्र त्यामागचे कापड ओलसर होते आणि छताच्या उघड्या ॲल्युमिनियम पट्टीवर थेंबांची रांग लागली होती, कारण श्वासातली वाफ सर्वांत थंड पृष्ठभागावरच पाणी होऊन साचते. दुसऱ्या रात्री छतावरची झडप बोटभर उघडी ठेवली, तेव्हा पट्टी जवळजवळ कोरडी राहिली.

सौर पॅनेलचे वजन पेलण्यासाठी बसवलेले जादा गॅस स्ट्रट, म्हणजे दाबलेल्या वायूच्या जोरावर छत उचलणारे दांडे, मात्र गरजेपेक्षा जोरदार निघाले. छत सहज वर जाते, पण खाली ओढताना पट्ट्याला अंगाचा सगळा भार द्यावा लागतो, आणि उन्हाळ्यात स्ट्रटमधील वायूचा दाब आणखी वाढणार असल्यामुळे ते मी बदलणारच आहे. १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दोन्ही रात्री निर्धास्त पुरली.